जागा त्याची तोच ठरवतो

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये दगड रचतानाच ॲनिमोनची, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या त्या समुद्री प्राण्याची, जागा आपण मनाशी ठरवून टाकलेली असते. बरोबर लाइटखाली, प्रवाह मध्यम, सोफ्यावर बसलं तरी दिसेल अशी. पंप थोडा वेळ बंद करून बबल टिप जातीचा ॲनिमोन तिथे अलगद ठेवायचा. तो पाय टेकवतो, चिकटतो, फुलतो. आपण दोन-चार फोटो काढून झोपतो. सकाळी बघावं तर स्वारी मागच्या काचेला, दगडाआड. फोटो सोडाच, तिथे धड नजरही पोचत नाही.

मेंदू नाही या प्राण्याला. अंगभर पसरलेलं मज्जातंतूंचं जाळं, एक पाय आणि एक तोंड, एवढ्यावर सगळा कारभार. तोंडही असं, की खाल्लेलं पचून जे उरतं ते त्याच वाटेने बाहेर. पण जागेच्या बाबतीत मत पक्कं. पाय कपारीत, सावलीत हवा, म्हणजे वेळ आली की अख्खं अंग आत ओढून घेता येतं. टेंटॅकल्स, म्हणजे तोंडाभोवतीच्या सोंडा, मात्र भरपूर उजेडात. त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला मिळतो. उजेड कमी पडला किंवा पाणी तापलं की हे शैवाल कमी होत जातं आणि ॲनिमोन पांढराफटक पडतो. नवख्याला तोच रंग फार सुंदर वाटतो. विकत घेताना असा पांढरा दिसला, तर मी तरी पुढे सरकतो.

तो चालतो कसा, हे बघायला चिकाटी लागते. पायाची एक कड सुटते, जरा फुगते, पुढे सरकून चिकटते, मग मागची कड येते. नुसतं बघत बसलं तर काहीच हललेलं दिसत नाही. काचेवरच्या एखाद्या डागाशी ताडून पाहिलं की कळतं, अरे, हा तर बोटभर पुढे गेला. काचेवर असला की पायाचा तळवा बाहेरून दिसतो. गोल, ओलसर, मधून कडेपर्यंत गेलेल्या बारीक रेषांचा. हे दर्शन मला समोरच्या फुलोऱ्यापेक्षाही आवडतं.

पण या भटकंतीतच त्याचा घात होतो. वाटेत वेव्हमेकर, म्हणजे पाण्यात प्रवाह निर्माण करणारा पंप, लागला आणि तो आत खेचला गेला, तर तुकडे होतात, आणि ते सडून टँकमधल्या बाकी सगळ्यांच्याही जिवावर बेततं. म्हणून पंपाच्या तोंडाला स्पंज किंवा जाळी आधी, ॲनिमोन नंतर.

काम करताना टेंटॅकलला बोट लागलं तर ते चिकट वाटतं. हा चिकटपणा म्हणजे खरं तर हल्ला असतो: असंख्य सूक्ष्म पेशींमधून धागे सुटून आपल्या कातडीत रुतू बघत असतात. बोटाची कातडी जाड म्हणून निभावतं. तोच हात डोळ्याला लावू नये.

पाण्याचं शास्त्र थोडक्यात सांगतो, कारण ते कंटाळवाणं आहे आणि सगळं त्यावरच चालतं. क्षारता हजारी 35च्या आसपास, तापमान 24 ते 27 अंश, आणि दोन्ही स्थिर. पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून रोजची घट गोड्या आरओ पाण्याने भरायची, खाऱ्या नाही. आणि टँक जुना, मुरलेला हवा. हौसेने टँक आणि ॲनिमोन एकाच महिन्यात आणणाऱ्यांना काय सांगावं?

एखाद्या दिवशी तो अचानक पिचकतो. तोंड उघडं, अंग सुरकुतलेलं, बाजूला तपकिरी लाळेसारखं काहीतरी. घरात शोककळा. संध्याकाळी पुन्हा टम्म. बहुतेक वेळा जुनं पाणी आणि मळ टाकून नवं पाणी भरून घेणं एवढंच त्यामागे असतं. खरंच मेलेला असला तर वास सांगतो, आणि त्या वासाबद्दल शंका राहत नाही.

ॲनिमोनमध्ये राहणाऱ्या क्लाउनफिश या माशांच्या जवळपास 30 जाती आणि त्यांना घर देणारे ॲनिमोन फक्त 10 जातींचे. तरीही टँकमध्येच जन्मलेले कित्येक क्लाउनफिश ॲनिमोनकडे ढुंकूनही बघत नाहीत, पंपाजवळच्या कोपऱ्यात संसार थाटतात. उलट लाइव्ह रॉकवरून, म्हणजे सूक्ष्म जीवांसकट टँकमध्ये आलेल्या दगडावरून, न बोलावता येणारा ऐप्टेशिया नावाचा पिटुकला ॲनिमोन कुठेही सुखाने नांदतो. खरवडून काढावा, तर राहिलेल्या कणाकणातून नवा उगवतो. महागड्या पाहुण्याची मनधरणी करता करता या फुकट्याची वसाहत वाढत जाते. पेपरमिंट कोळंबी त्याला खाते म्हणतात. खाते, तिच्या मनात आलं तर.

दीर्घायुष्याचं म्हणाल, तर स्कॉटिश निसर्गअभ्यासक सर जॉन डॅल्येल यांनी 1828 मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेला एक लाल ॲनिमोन काचेच्या बरणीत राहिला. ना पंप, ना दिवा, फक्त बदललेलं समुद्राचं पाणी. त्याच्या जातीला शैवालाची गरज नसते, म्हणून दिव्याविना भागलं. डॅल्येल 1851 मध्ये गेले. ‘ग्रॅनी’ नावाने प्रसिद्ध झालेला तो जीव पुढे या हातातून त्या हातात जात 1887 पर्यंत जगला, आणि मधल्या काळात त्याने शेकडो पिल्लंही दिली.

बबल टिपचा मार्ग वेगळा. तो उभा ताणला जातो, तोंड लांबट होतं, पाय दोन दिशांना चालू लागतो आणि एकाचे दोन होतात. आई कोण, पिल्लू कोण, हे विचारायची सोय नाही, दोघेही तेच. आमच्याकडे असं झाल्यावर एक मित्राला दिला. पिशवी घेऊन घरी पोचल्या पोचल्या त्याचा फोन आला, दगडाच्या डाव्या अंगाला ठेवू की मधे? म्हटलं, कुठेही ठेव. आधी वेव्हमेकरला स्पंज लाव.