ड्रेन नट ढिला केला आणि आधी पाणीच आलं

आमचं गॅरेज बेळगावात उद्यमबागेजवळ. पावसाळ्यात आमच्याकडे खानापूर, जांबोटी, कणकुंबी साईडच्या गाड्या जास्त. मलप्रभा उगम पावते तो पट्टा, तिथला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. यंदा जुलैत तिकडनं एक जुनी फोर बाय फोर जीप ट्रकवर घालून आणली. मालक काका जंगलातल्या वाड्यांवरनं पेशंट, बाळंतिणी, सिलेंडर, भाताचं बियाणं सगळं ह्याच जीपमधनं ने-आण करतात, कारण पावसात दुसरी गाडी तिथं जातच नाही.

मागनं घुंऽऽ असा आवाज येतोय आणि स्पीड वाढला की वाढतोय, एवढीच कंप्लेंट. काका म्हणाले, "ऑईल बघितलंय ओ, गावातल्या मिस्त्रीनं ऑईल भरायचा फिलर नट काढला तर उलट बाहेर यायलंय. फुल्ल हाय." हे ऐकलं आणि मला तिथंच शंका आली, कारण मागच्या अ‍ॅक्सलचं (मागची चाकं फिरवणारे गिअर आणि दांडे ज्यात असतात त्या बंद पेटीचं) ऑईल वापरून कमी होईल, वाढणार कुठनं?

म्हटलं काका, पाण्यात कधी घातली होती? मग सगळं निघालं. पेशंट सोडून परत येताना लो गिअरमध्ये चढ चढून ओढ्यापाशी आले, पाणी बंपरला लागत होतं, आणि पलीकडं झाड आडवं पडलेलं, ते तोडेपर्यंत गाडी पाण्यातच उभी. घरी गेल्यावर प्रेशरनं धुतली, पुढे आवाज यायला लागला म्हणून आठवडाभर अंगणात लावून ठेवली.

अ‍ॅक्सलच्या तळाचा, ऑईल काढायचा ड्रेन नट ढिला केला तर आधी पाणीच आलं. तांबडं, ऑईलपासून साफ वेगळं झालेलं पाणी, आणि मग त्याच्या मागनं दुधाच्या चहासारखं घट्ट ऑईल. ऑईल हलकं, पाणी जड, गाडी हलली नाही म्हणून पाणी तळाला बसलेलं, आणि त्यानंच लेव्हल वर ढकललेली. कव्हर उघडलं तर क्राऊनवर, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चाकावर, गंजाची सरळ रेघ, पाणी कुठंपर्यंत होतं ते दाखवणारी. क्राऊनला फिरवणाऱ्या छोट्या गिअरच्या, म्हणजे पिनियनच्या, बेरिंगच्या रोलरवर काळे डाग, बोटाला खडबडीत लागत होते, आवाज तिथला.

आता पाणी आत गेलं कसं हे काकांना नीट दाखवलं, कारण नुसतं बेरिंग बदलून गाडी दिली तर पुढच्या पावसात परत तेच. अ‍ॅक्सलच्या हाऊसिंगच्या वर, हवा आत-बाहेर व्हायला, एक छोटा ब्रीदर असतो, टोपीसारखा, बोटानं फिरवला की हलायला पाहिजे. ह्यांचा मातीनं गच्च बसलेला, आमच्याकडची तांबडी माती वाळली की दगडच होते. तापलेला अ‍ॅक्सल थंड ओढ्यात गेला की आतली हवा आकसते, समजा 80 अंशांवरनं 25 अंशांवर आली तर जवळपास सहावा हिस्सा कमी होते, तेवढी जागा कुठूनतरी भरून निघणारच, ब्रीदर बंद म्हटल्यावर ऑईल सीलच्या (ऑईल अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) ओठातनं पाणी आत खेचलं गेलं. पाण्यात उभं राहिल्यानं तर त्याला भरपूर वेळ मिळाला. वर प्रेशरचा पाईप सीलवर धरला की आणखी आत. गाडी धुवा, पण सील आणि ब्रीदरवर लांबनंच पाणी मारा हे मी सगळ्यांना सांगतो.

चाकांकडं जाणारे दोन्ही शाफ्ट बाहेर काढले, सील नवीन घातले, पिनियनची बेरिंगं उद्यमबागेत प्रेसवर बसवून आणली. क्राऊनवरचा गंज वरवरचा होता, घासून दातांवर खड्डे नाहीत ना ते बॅटरी लावून बघितलं, वाचला बिचारा. बॅकलॅश (दोन गिअरच्या दातांमधली फट) डायल लावून मॅन्युअलच्या मापात आणला. हलक्या ऑईलनं फ्लश, थोडी फिरवून परत ड्रेन, मग मॅन्युअलमध्ये सांगितलेलं 80डब्ल्यू-90 जीएल-5 गिअर ऑईल. ब्रीदरला रबरी पाईप लावून बोनेटच्या उंचीपर्यंत वर नेला, ह्याला खर्च फार येत नाही आणि माझ्या मते पावसाळ्यातल्या जीपला ह्याच्याइतकं उपयोगी काम दुसरं नाही. प्रोपेलर शाफ्टच्या जॉईंटच्या क्रॉसला जुनं पाणचट ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवीन मारलं, ब्रेकच्या ड्रममधला चिखल काढला.

काकांना ड्रेन नट हातानं सोडायला लावला. पाण्यातनं आल्यावर रात्रभर गाडी सपाटीला लावा, सकाळी हलवायच्या आधी नट जरासा ढिला करा, पहिले चार थेंब काचेच्या बाटलीत घ्या. काळंच आलं तर आवळून टाका, पाणी किंवा पांढरट आलं तर दुसरं काही बघू नका, ऑईल बदला.

पुढच्या अ‍ॅक्सलचं ऑईल चांगलं होतं पण एका बाजूचा सील पाझरत होता आणि तो पार्ट बेळगावात मिळाला नाही. म्हटलं, "काका, सील येईपर्यंत पाण्यात घालू नका." ते म्हणाले, "पेशंट आला तर जायलाच लागतंय की." त्यावर मी काय बोलणार. गॅरेज बंद करायची वेळ झाली होती तरी पोराला थांबवून घेतलं आणि पुढच्या ब्रीदरलाही पाईप लावूनच गाडी सोडली.