चार मिलिमीटरचा थर

मंगळवार, रात्री

रुग्णालयाच्या व्यवस्थापनाकडून मायक्रोबायोलॉजी लॅबला फिरून फिरून दोनच प्रश्न येतात: जंतू वाढवायच्या प्लेटवर एवढा खर्च का, आणि रिपोर्टला एवढा वेळ का? दोन्ही रास्त आहेत. पण त्यांची उत्तरं एक्सेलच्या तक्त्यात सापडत नाहीत.

खर्चाचंच घेऊ. कोणतं अँटिबायोटिक चालेल हे पाहायला म्युलर-हिंटन अगारवर, म्हणजे प्लेटमधल्या जेलीसारख्या थरावर, रुग्णाचा जंतू पसरून औषध भिजवलेली कागदी डिस्क ठेवतात. डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ म्हणजे झोन; तो पुरेसा मोठा आला तर औषध चालतं. अगारचा थर 4 मिमी हवा, म्हणजे 90 मिमीच्या प्लेटला सुमारे 25 मिली मीडिया (अगारचं पातळ मिश्रण). 18 मिली ओतला तरी प्लेट वरून तशीच दिसते आणि महिन्याचं बिल उतरतं. पण थर 3 मिमीच्या आसपास आला की डिस्कमधलं औषध खोल न जाता आडवं पसरतं आणि झोन मोठा येतो. औषधाला न जुमानणारा जंतू रिपोर्टवर ‘सेन्सिटिव्ह’, म्हणजे त्या औषधाला दबणारा, ठरतो. वॉर्डात तेच औषध सुरू होतं, ताप हटत नाही, आणि हा तोटा लॅबच्या हिशेबात कुठेच चढत नाही. ई. कोलाय एटीसीसी 25922 हा ठरलेला जंतू, ज्याचा झोन किती यायला हवा हे आधीच ठाऊक असतं, लावून झोन मोजला की चूक उघडी पडते. काटकसरीची कात्री मात्र बहुतेक वेळा आधी या क्वालिटी कंट्रोलवरच चालते. याचा मला मनापासून राग येतो.

आता वेळ. ब्लड कल्चरची, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहायची, बॉटल मशिनने पॉझिटिव्ह दाखवली की तासाभरात ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहणं) होऊन वॉर्डला फोन जातो. मग प्लेटवर वाढ व्हायला एक रात्र, सेन्सिटिव्हिटीला आणखी 16 ते 18 तास. एन्टरोकॉकस या जंतूवर व्हॅन्कोमायसिन या औषधाचा झोन तर पूर्ण 24 तासांनीच वाचायचा, नाहीतर रेझिस्टन्स (जंतूचं औषधाला न जुमानणं) निसटतो. टेक्निशियनच्या मागे लागून जंतू लवकर वाढत नाहीत.

वेळ वाया जातो तो लॅबच्या बाहेर. रात्री 11 वाजता भरलेली बॉटल सकाळी 8 वाजेपर्यंत नर्सिंग स्टेशनवर पडून असते, कारण रात्रपाळीला न्यायला मामा (वॉर्डबॉय) नसतात. प्रौढ रुग्णाच्या बॉटलमध्ये 8 ते 10 मिली रक्त हवं, तिथे 3 मिली येतं आणि जंतू हातीच लागत नाही. हे दुरुस्त करणं मायक्रोबायोलॉजिस्टच्या अधिकारात नाही, व्यवस्थापकाच्या आहे, आणि त्यासाठी त्याला जंतूंचं शास्त्र यावं लागत नाही. रक्त घेतल्यापासून बॉटल मशिनमध्ये जाईपर्यंत किती वेळ गेला, एवढा एकच आकडा त्याने वॉर्डनिहाय मागवावा. 2 तासांच्या वर गेलेल्या बॉटल कुठल्या पाळीत जास्त आहेत ते पाहावं आणि त्या पाळीला माणूस द्यावा.