फोटो असताना चित्र कशाला?

"घरात फोटो आहेत, मोबाइलमध्ये तर शेकडो आहेत. मग गेलेल्या माणसाचं चित्र कशाला काढून घ्यायचं? त्याने घरच्यांना खरंच बरं वाटतं का?" व्यक्तिचित्रं काढणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी येतोच. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वाटतं. आणि त्यातलं बरंचसं चित्र भिंतीवर लागायच्या आधीच घडून गेलेलं असतं. चित्र काढायचं ठरलं की एक परका माणूस समोर बसून विचारू लागतो : हसताना डोळे बारीक व्हायचे का? ऐकताना मान कुठल्या बाजूला कलायची? चष्मा नाकावर घसरलेला असायचा की नीट वर? 'कसं झालं' हे सगळ्यांनी विचारून झालेलं असतं. 'दिसायचे कसे' हे कुणी विचारलेलं नसतं. दोन भावंडं दोन उत्तरं देतात, मग आपापसांत बोलू लागतात आणि कपाटातून आणखी फोटो निघतात. या बोलण्याला तासभर तरी द्यावा. त्या वेळी हातात पेन्सिल नसलेली बरी. माणसं चित्राकडे बघत बसतात आणि बोलायची थांबतात.

फोटो पाच-सहा तरी मागावेत, वेगवेगळ्या वयांतले. त्यातला एकच मुख्य. बाकीचे फक्त माहितीसाठी : कानाची पाळी, भुवईचं वळण, केस कपाळावर कुठून सुरू होतात. मुख्य फोटो सगळ्यात सुंदर असलेला नको, एका बाजूने उजेड आलेला हवा. समोरून फ्लॅश पडला की सावल्या पुसल्या जातात आणि नाक कागदावर चिकटवल्यासारखं दिसतं. हाताच्या अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं होतं, कान मागे जातात. दीड-दोन मीटरवरून काढलेल्या फोटोत चेहऱ्याची मापं खऱ्याच्या जवळ असतात. शिवाय काही मोबाइल सेल्फी आरशासारखी, डावं-उजवं उलटी करून ठेवतात. भांग किंवा तीळ कुठल्या बाजूला होता हे विचारून घ्या, नाहीतर साम्य साधूनही घरच्यांना चेहरा 'वेगळाच' वाटेल आणि का ते कुणालाच सांगता येणार नाही.

हातात फक्त ओळखपत्राचा फोटो असेल तरी घाबरू नका. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा छापील फोटो १२०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला १२०० ठिपके) स्कॅन केला तर साधारण १६५० बाय २१२५ पिक्सेल मिळतात, तेवढे कामाला पुरतात. मोबाइलने फोटोचा फोटो काढू नका, चकाकी येते. जुन्या स्टुडिओतल्या फोटोंवर मात्र फार विसंबू नये. निगेटिव्हवर पेन्सिल चालवून सुरकुत्या घालवायची तिथे पद्धत होती, त्यामुळे ओठांच्या कडेची जी रेघ घरच्यांना आठवते तीच नेमकी गायब असते.

सगळ्यात मोठी चूक होते ती दोन फोटो जोडताना. डोळे एका फोटोतले, हसू दुसऱ्यातलं. पहिल्यात उजेड डावीकडून, दुसऱ्यात उजवीकडून. मग नाकाची सावली एकीकडे पडते, हनुवटीची दुसरीकडे, आणि चेहरा मुखवट्यासारखा होतो. दुसऱ्या फोटोतून आकार घ्यावा, सावली कधीच घेऊ नये.

हसण्याचंही तसंच. फोटोतलं हसू हा सेकंदाचा एक बारीक तुकडा असतो. तेच दात दाखवणारं हसू कॅनव्हासवर आलं की कायमचं ताणलेलं दिसतं. दात रंगवायचेच असतील तर एकेक दात सुटा काढू नका. एक फिकट, किंचित राखाडी पट्टा काढून कडा हलक्या ठेवा. पण मला विचाराल तर हसून झाल्यानंतरचा किंवा हसू येण्याआधीचा चेहरा निवडावा. तो रोज बघता येतो.

आता प्रत्यक्ष काम. चाळीस बाय पन्नास सेंटिमीटरच्या कॅनव्हासवर डोकं १८ ते २० सेंटिमीटर, म्हणजे खऱ्यापेक्षा थोडं लहान. खऱ्या मापाचं डोकं कॅनव्हासवर मोठं वाटतं. आधी त्याच मापाचं कोळशाचं रेखाटन कागदावर करावं आणि घरच्यांना त्याच टप्प्यावर दाखवावं, कारण कोळसा बोटाने पुसता येतो. "सगळं बरोबर आहे, पण हे ते नाहीत," असं कुणी म्हणालं तर ते मनावर घ्या. बोट मात्र बहुतेक वेळा चुकीच्या जागी ठेवलं जातं. नाक चुकलंय म्हणतात आणि चूक निघते नाक आणि वरचा ओठ यांतल्या अंतरात. १८ सेंटिमीटरच्या डोक्यात तिथे दोन मिलिमीटर चुकले तरी माणूस बदलतो. चित्र आरशात बघा, उलटं धरून बघा, तीन मीटर मागे जाऊन बघा. जवळून न दिसणारी चूक या तिन्हींपैकी एकात सापडते.

डोळ्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण घरचे आधी तिथेच बघतात. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग पांढरा नसतो. वरच्या पापणीची सावली त्यावर पडते, म्हणून तो वर गडद राखाडी आणि खाली जरा उजळ असतो. शुद्ध पांढरा लावला की डोळे वटारलेले दिसतात. खालच्या पापणीला जाडी असते. तिच्या काठावर ओलाव्याची बारीक, तुटक रेघ चमकते. ती सलग ओढली तर डोळे पाणावलेले वाटतात, अजिबात नसली तर कोरडे. फ्लॅशच्या फोटोत चमकेचा ठिपका बाहुलीच्या मधोमध बसतो. तो उचलून उजेडाच्या बाजूला, थोडा वर न्यावा. एवढ्याने नजर कुठेतरी लागते.

तैलरंगात पहिला थर रॉ अंबर या मातकट तपकिरी रंगाचा, टर्पेंटाइनने पातळ केलेला, फक्त सावल्यांपुरता. अंबर लवकर वाळतो. नंतरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत न्यायचं. खाली तेलकट आणि वर पातळ असं उलट झालं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि तडे जातात. त्वचेसाठी यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), थोडा लाल, अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि टायटॅनियम व्हाइट पुरतात. सावळी त्वचा उजळवायला पांढऱ्याकडे धावू नका, राख फासल्यासारखी दिसते. आधी ऑकर घाला, पांढरा अगदी शेवटी आणि फक्त चमकेपुरता. आणि सावळा माणूस सावळाच रंगवा. घरच्यांपैकी कुणी "जरा उजळ करा" म्हणालं तरी नीट समजावून नाही म्हणावं.

जन्मतःच गेलेल्या बाळाचं चित्रही लोक मागतात. तिथे माझा एकच आग्रह असतो : मिटलेले डोळे मिटलेलेच ठेवावेत. त्या बाळाची नजर कुणी पाहिलेली नाही, ती आपण बनवू नये. ओठांचा काळसरपणा आणि त्वचेवरचे डाग सौम्य करायला हरकत नाही, पण आईबाबांना विचारून. काहींना ते जसेच्या तसे हवे असतात. पेन्सिल इथे रंगांपेक्षा बरी, कारण त्वचेच्या रंगाचा प्रश्नच उरत नाही. कधी कधी फक्त मूठ काढलेली पुरते.

आजारी माणसाला समोर बसवून काढायचं असेल तर वीस मिनिटांच्या वर एका वेळी बसवू नका. टर्पेंटाइन आणि कोळशाची पूड त्या खोलीत नेऊ नये, पेन्सिल पुरे. थकवा, नळी, गेलेले केस यांतलं काय चित्रात यावं हे त्यांनाच विचारा. पहिल्या महायुद्धात हेन्री टाँक्स या शल्यविशारद चित्रकाराने चेहऱ्याला जखमा झालेल्या सैनिकांची पेस्टल चित्रं काढली. ती वैद्यकीय नोंद म्हणून होती, पण ज्या चेहऱ्यांवरून लोक नजर वळवत होते त्यांच्याकडे तिथे कुणीतरी टक लावून, न दचकता पाहिलं होतं. आजारी माणसाला चित्रापेक्षा पुष्कळदा तेवढंच हवं असतं.

पैशांचंही लोक विचारतात. विनामूल्य काढायचं असेल तर आकडा ठरवून घ्या, वर्षाला दोन म्हणजे दोन. २०२० साली ब्रिटनमध्ये टॉम क्रॉफ्ट या चित्रकाराने एका आरोग्यसेवकाचं चित्र मोफत काढून द्यायची तयारी दाखवली आणि इतर चित्रकारांनाही तेच सुचवलं. शेकडो जण पुढे आले. एकाने एकाचंच काढायचं, म्हणूनच ते जमलं.

अचानक भेट म्हणून चित्र द्यायला मात्र माझा विरोध आहे. तो चेहरा आज बघायची आपली तयारी आहे का, हे त्या माणसाला ठरवू द्या. आधी मोबाइलवर छोटा फोटो पाठवा, मग चित्र झाकून न्या आणि कापड त्यांनाच काढू द्या. दुःख ताजं असेल तर काही महिने थांबलेलं बरं. तैलचित्राला वॉर्निश, म्हणजे वरचा पारदर्शक संरक्षक थर, तसाही सहा महिन्यांनंतरच लावायचा असतो, त्या निमित्ताने पुन्हा जाणंही होतं.

काही जणांना ते बघवत नाही आणि चित्र कपाटात जातं. जाऊ द्या, वाईट वाटून घेऊ नका. फक्त देतानाच एक सांगून ठेवा : अंधारात ठेवलेल्या जवसाच्या तेलाला पिवळी झाक येते. पुढे कधी बाहेर काढलंत आणि चेहरा पिवळा दिसला तर पुसू नका, रंगही लावू नका. थेट ऊन लागणार नाही अशा उजेडात काही आठवडे ठेवा. पिवळेपणा पुष्कळसा आपोआप उतरतो.