तुम्ही विचारलंत म्हणून: पडवीतली उंदरांची ओळ

आमच्या पडवीत, पाहुणे चपला काढतात त्याच्या वरच्या भिंतीवर, कवी बा. सी. मर्ढेकरांची एक ओळ रंगवलेली आहे. ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पोराकडून निळ्या ऑइलपेंटात करून घेतली. त्याने सवयीने ‘उंदीर’ लिहिलं होतं. ते खरवडून ऱ्हस्व करायला लावलं तेव्हा त्यानेही विचारलं, “सर, ह्यां कित्याक?”

तेव्हापासून नऊ वर्षं वेंगुर्ल्यात होमस्टे चालवतोय आणि नऊ वर्षं हाच प्रश्न ऐकतोय. पुण्यामुंबईचे पाहुणे जरा ऐसपैस विचारतात: काका, दारात समुद्र, मागे माड, एवढं निसर्गरम्य कोकण सोडून तुम्हाला ही उंदरांची कविता कशी काय आवडते? संमेलनात भेटणारे खांद्यावर हात ठेवून विचारतात, अजून मर्ढेकरातच अडकलात का? बायको विचारत नाही. माणसं नाश्त्याला बसली की ती त्या भिंतीपुढे टॉवेल वाळत घालते.

आजवर थट्टेवारी नेलं. ‘मांजर पाळलंय ना, त्याच्यासाठी’ म्हणायचो. गेल्या महिन्यात एक ताई म्हणाल्या, “तुम्हाला मुद्दाम वेगळं दिसायचं असेल.” ते लागलं, कारण त्यात थोडं खरं आहे. म्हणून एकदाच नीट सांगून टाकतो.

आधी त्या ‘निसर्गरम्य’चं बघू. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. तुम्ही ज्या कोंडुऱ्याच्या किनाऱ्याला जाऊन व्हिडिओ काढून आणता, त्याच नावाची चिं. त्र्यं. खानोलकरांची कादंबरी आहे, १९६६ ची. वाचा आणि मग रात्री त्या बाजूला एकटे जाऊन दाखवा. हा माणूस आमच्याच परिसरातला. कुडाळात खानावळ चालवायचा आणि आरती प्रभू या नावाने कविता लिहायचा. गिऱ्हाइकाला आमटी वाढता वाढता त्याला काय दिसत होतं ते ‘जोगवा’ या त्याच्या कवितासंग्रहात आहे, आणि ते निसर्गरम्य नाही. देवगड तालुक्यातले विंदा करंदीकर. त्यांच्या पहिल्या संग्रहाचं नाव ‘स्वेदगंगा’, म्हणजे घामाची नदी. मिठबावात जन्मलेले पु. शि. रेगे. मालगुंडचे केशवसुत तर सगळ्यांच्या आधीचे. त्यांचं स्मारक १९९४ साली झालं, गणपतीपुळ्याला जाताना तुम्ही तिथे उतरताही, पण कौलारू घराचा फोटो निघाला की गाडीत बसता. मराठीत जे जे नवं म्हणून आलं, त्यातलं निम्मं या लाल मातीच्या पट्ट्यातून गेलेल्या माणसांनी आणलंय. (निम्मं हा आकडा माझ्या अभिमानाचा आहे, मोजलेला नाही. आणि पाडगावकरही वेंगुर्ल्याचेच, त्यांच्यावरचा तुमचा हक्क कबूल.)

‘पण मर्ढेकर शहराचे कवी, तुमचा काय संबंध’ असंही म्हणतात. मर्ढेकर जन्मले फैजपूरला, खानदेशात. पण १९४७ साली ‘काही कविता’ आलं, तेव्हा त्यातली ती मुंग्यांची मुंबई भरली होती कोणी? आमच्याच माणसांनी. कॉलेजला मी काकांकडे लालबागला राहिलो. दहा बाय बाराची खोली, भिंतीला लागून ट्रंका, आणि आम्ही चौदा जण. रातपाळीवाले आले की दिवसपाळीवाल्यांच्या वळकट्या गुंडाळायच्या, तीच गरम जागा दुसऱ्याला. तिथे मी मर्ढेकर वाचले. कोणी समजावून द्यावं लागलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. वर्षभराने काका त्यांची ट्रंक घेऊन गावी आले आणि याच पडवीत बसले ते बसलेच. तेव्हा शहराची कविता आणि गावाची कविता हा भेद तुम्ही खुशाल करा, मला करता येत नाही.

इथपर्यंत मी बरा बोलतो. पाहुण्यांपुढे बोलायचं म्हटलं तर इथेच थांबेन, टाळ्याही मिळतील. पण ती ओळ भिंतीवर यासाठी नाही.

आमचं बाजारात भुसारी दुकान होतं. भुसाराचं दुकान म्हणजे उंदीर आलेच. तारेचा सापळा लावायचा, आत आकड्याला सुक्या खोबऱ्याचा तुकडा, तोही विस्तवावर जरा भाजून, म्हणजे वास सुटतो. सकाळी सापळ्यात उंदीर असला की ते काम माझं. मागच्या परसात पावसाच्या पाण्याचं पीप होतं, त्यात सापळा बुडवायचा. आई चुलीपुढून ओरडायची, “बेगीन वर काढू नको हां.” मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आधी पाण्यात धडपड, मग बुडबुडे, मग थोडा वेळ काही नाही, आणि काही नाही असं वाटत असतानाच शेवटचा एक बुडबुडा. वर काढला की उंदीर अर्ध्याने लहान झालेला असायचा, केस अंगाला चिकटलेले आणि मान एका बाजूला लोंबणारी.

म्हणून कॉलेजात दुसरी ओळ वाचली, ‘माना पडल्या, मुरगळल्याविण’, तेव्हा मी पुस्तक मिटलं. मुरगळल्याविण! हे पाहिलेल्या माणसालाच सुचतं. बाकीची मुलं प्रतीक काय, यंत्रयुग काय, महायुद्ध काय यावर भांडत होती. ते सगळं असेल, नाकारत नाही. पण मला एवढंच कळलं की या माणसाने पीप पाहिलंय. एकाच ठिकाणी मी अडलो. ‘घाऱ्या डोळीं’ दिवस सांडला म्हणतात. उंदराचे डोळे काळे कुळकुळीत असतात, करवंदासारखे. मर्ढेकर चुकले असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. मग मे महिन्याच्या सुट्टीत घरी आलो, सापळा बुडवला आणि मेलेला उंदीर शेपटीने धरून उन्हात बघितला. डोळ्यावर साय धरली होती, त्यात ऊन शिरलं होतं. घारे! दिवसच सांडलेला. (आता लेप्टोच्या भीतीने कोणी उंदराला हात लावत नाही, तुम्हीही लावू नका.)

त्या वयात मी भयंकर होतो. अनियतकालिकांचे, म्हणजे बंडखोर कवींच्या छोट्या मासिकांचे, जुने अंक रद्दीतून हुडकायचे, अरुण कोलटकरांचं पुस्तक रात्री दिव्याखाली मोठ्याने वाचायचं आणि झोपलेल्या गिरणी कामगारांच्या शिव्या खायच्या. १९६९ साली काही तरुणांनी ‘सत्यकथा’ या वजनदार वाङ्मयीन मासिकाचा अंक निषेध म्हणून जाळला होता. मी म्हणायचो, तेव्हा मी असतो तर काडी मीच लावली असती. हे वाक्य लक्षात ठेवा.

पुढे बी.एड. झालो आणि एका गावात शाळेला जोडलेल्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायला लागलो. गावाचं, शाळेचं नाव लिहिणार नाही. १९८७ चा जुलै. बारावीचा वर्ग, बाहेर धो धो पाऊस, अर्धी मुलं लावणीला गेलेली. धडा घ्यायला मन होईना. मी खडू घेतला आणि ती कविता पहिल्यापासून शेवटपर्यंत फळ्यावर लिहिली. तास संपेपर्यंत बोललो. सापळा सांगितला, आईचं ओरडणं सांगितलं, कवितेतलं ‘बेकलायटी’ म्हणजे बेकलाइटचं, जुन्या कडक प्लॅस्टिकचं, हे वर्गातल्या काळ्या गोल स्विचकडे बोट करून सांगितलं. मुलं गप्प होती. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने सगळी कविता वहीत उतरवून घेतली. पंधरा वर्षं तसं शिकवायचा प्रयत्न करत राहिलो, तो तास पुन्हा झाला नाही.

चौथ्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत बोलावणं आलं. संस्थेचे दोघे, हेडमास्तर, आणि मुलीचे वडील. ती स्वतः बाहेर व्हरांड्यात, पागोळ्यांच्या कडेला उभी. टेबलावर तिची वही, आणि तिच्यातल्या एका शब्दाखाली लाल पेनाने रेघ. ‘गात्रलिंग’. वडील मोठ्याने बोलले नाहीत. “ह्यां शिकवतास तुमी पोरींक?” एवढंच. संस्थेच्या गृहस्थांनी विचारलं, “ही कविता तुम्ही वर्गात घेतलीत?”

याच माणसाच्या याच कवितांवर स्वातंत्र्यानंतर लगेच अश्लीलतेचा खटला झाला होता आणि ते निर्दोष सुटले होते, हे मला पाठ होतं. ते सांगायला दोन मिनिटं पुरली असती. तोंडही उघडलं मी. आणि म्हणालो, “अभ्यासक्रमात नाही ती. मी ओझरता उल्लेख केला होता.”

“मग हिच्या वहीत सगळी कशी?”

“तिने कुठून तरी उतरवून घेतली असेल.”

फळा मीच पुसला होता, त्या दिवशी डस्टर सापडेना म्हणून तळहाताने. बाहेर व्हरांड्यात ती हे ऐकत होती. दार उघडं होतं, उकाडा होता म्हणून.

लिहून द्या म्हणाले, मी लिहून दिलं. ‘सदर कवितेचा माझ्याकडून अनवधानाने उल्लेख झाला. विद्यार्थिनीने ती परस्पर उतरवून घेतली. यापुढे अभ्यासक्रमाबाहेरील मजकूर वर्गात घेतला जाणार नाही.’ ‘अनवधानाने’ हा शब्द हेडमास्तरांनी सांगितला. ‘परस्पर’ कोणीच सांगितला नव्हता. तो माझा.

माझी बाजू सांगतो, सांगू द्या. प्रोबेशन संपायला चार महिने होते. बाबांना अर्धांग झालेलं, दुकान बंद, बहिणीचं लग्न ठरत होतं. घरात येणारा पगार एकच. आणि समोर बसलेले लोक दुष्ट नव्हते. त्यांना मुलीची काळजी होती. त्यांची भाषा माझीच होती, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच दुकानातून मला रॉकेल घ्यायचं होतं.

माझ्यातला तो काडी लावणारा पोरगा हे ऐकून घेत नाही. म्हणतो, मर्ढेकर कोण होते मग? आकाशवाणीतले नोकरदारच ना, सरकारी? खटला भरणारंही सरकारच. त्यांना घर नव्हतं? मी म्हणतो, त्यांच्यासाठी कोर्ट होतं, वकील होते, कवितेवर भांडणारं अख्खं साहित्यजग होतं. मला एक पत्र्याची खोली आणि चार माणसं. तो म्हणतो, आणि तिला? तिच्यासाठी कोण होतं? इथे आमचं भांडण दर वेळी संपतं. मिटत नाही, संपतं. कधी मला वाटतं की बाविसाव्या वर्षी दुसऱ्याच्या काडीवर शूर होणं सोपं असतं, त्याने मला शिकवू नये. कधी वाटतं, तो आहे म्हणून मी ही गोष्ट निदान जशीच्या तशी सांगू शकतो. दोन्ही वाटणं एकाच दिवशी येतात.

मुलगी दिवाळीनंतर कॉलेजात दिसली नाही. काढून घेतली म्हणाले. पुढे लग्न झालं एवढं कानावर आलं. मी कायम झालो, तीस वर्षं नोकरी केली, निवृत्त झालो. स्वतःच्या कविता त्या जुलैनंतर लिहिल्या नाहीत. लोक त्याला कारण विचारतात तेव्हा ‘संसार’ म्हणतो. तेही अगदीच खोटं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या फार चांगल्याही नव्हत्या.

त्या दिवशी सगळे गेल्यावर हेडमास्तरांनी वही माझ्याकडे सरकवली होती. “ही तुम्हीच फाडून टाका, सर.” फाडली नाही. माझ्या कपाटात आहे. पुठ्ठ्याला कसर लागली आहे, पण अक्षर स्वच्छ आहे, अनुस्वारसुद्धा फळ्यावर होते तसेच. लाल रेघ त्या एका शब्दाखाली. आणि चार महिने मला दिसलंच नाही असं समासात, बारीक पेन्सिलीने, तिच्या अक्षरात आणखी एक ओळ आहे: ‘उंदराचे डोळे घारे नसतात. सरांना विचारणे.’

म्हणजे तिच्या घरीही पीप होतं. आणि या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. साऱ्या वर्गात मला एकट्यालाच ठाऊक होतं.

तर ती ओळ भिंतीवर आहे ती अशी. बायकोचा टॉवेल नाश्ता आटोपेपर्यंत राहतो. दहाच्या सुमाराला तो मी काढून दोरीवर नेऊन टाकतो.