मिलिट्रीवाल्यांची रांग आणि आज्जीचं नाव

नोव्हेंबर म्हणजे आमच्या सेंटरवर मिलिट्रीवाल्यांचा महिना. सातारा जिल्ह्यात, कोरेगाव भागात आपलं ऑनलाइन कामांचं छोटं दुकान आहे, सातबारा, पीक विमा, रेशनकार्ड, दाखले, काय म्हणाल ते, पण नोव्हेंबर उजाडला की हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनर यायला लागतात आणि आमच्या भागात पेन्शनर म्हटलं की निम्मे तरी फौजेतले असतातच. शटर आठला उघडतं, हे लोक सातलाच बाकड्यावर येऊन बसलेले, दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, हातात पिशवी आणि पिशवीत डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतल्या नोकरीची नोंदवही. रांग लावा म्हणून सांगायची गरज नाही, ती लागलेलीच असते. मास्तर लोकांना सांगावं लागतं. (माझे मास्तर हे वाचतील आणि चिडतील, चिडू द्या.)

पूर्वी हा दाखला बँकेत जाऊन साहेबासमोर सही करून द्यायला लागायचा, मग २०१४ ला जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला ऑनलाइन काढायची सोय, आली आणि मशीनवर बोट ठेवलं की काम व्हायला लागलं, म्हणजे व्हायला पाहिजे होतं. पण पेन्शनवर आलेला माणूस घरी बसतोय का, तो लगेच दुसऱ्या दिवशी उसाला पाणी पाजायला जातो, नंतर पुढची पंचवीस तीस वर्षं आलं, ऊस, म्हशी हेच, त्यामुळं बोटाच्या रेषा शिल्लकच राहत नाहीत. दहाही बोटं लावून बघायची, ओल्या फडक्यानं पुसून बघायची, मशीन आपलं लालच. आता चेहऱ्यावर होतं, मोबाइल समोर धरायचा आणि अ‍ॅप सांगतं डोळे मिचकवा. इथं नवीनच भानगड. मागच्या वर्षी मराठा लाइट इन्फन्ट्रीतले एक हवालदार आप्पा आले, खुर्चीत बसले, पाठ ताठ, हात गुडघ्यावर, नजर समोर. मी म्हणलं आप्पा डोळं मिचकवा. आप्पा म्हणले मिचकवलं की. कुठलं मिचकवलंय, पापणी हलंना. अ‍ॅप टाइम आऊट झालं, परत लावलं, परत तेच. शेवटी मागनं एक सुभेदार तात्या ओरडले, "आरं विश्राम कर की जरा!" आणि आप्पा हसले, हसताना डोळं मिटलं आणि दाखला निघाला.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्टला स्टेटस बघतो मी सगळ्यांचे. जवानाचा फोटो, मागं बर्फ, खाली तिरंगा, आणि लिहिलेलं असतं तुमच्यामुळं आम्ही झोपतो वगैरे. वाईट काहीच नाही त्यात, मी पण ठेवतो. पण असं स्टेटस ठेवणाऱ्या एका पोराच्या आज्ज्याचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, मी काऊंटरवर बघितला तेव्हा त्यात आज्जीचं नाव चुकलेलं होतं, आणि घरात कुणाला पत्ताच नव्हता.

हे जरा नीट सांगतो कारण आमच्याकडं हा घरोघरीचा विषय आहे. पोरगा अठरा एकोणीस वर्षांचा असताना भरती झाला, नाव लिहून घेणारा क्लार्क कुठला तरी लांबचा, त्यानं ऐकू आलं तसं लिहिलं. पांडुरंगाचा पंडूरंग झाला, आडनावात एक अक्षर जास्त आलं. पुढं लग्न झालं, आपल्याकडं लग्नात बायकोचं नावच बदलायची पद्धत होती, माहेरची सुमन सासरी येऊन लक्ष्मी झाली. रजेवरनं परत गेल्यावर ह्यानं युनिटात नाव कळवलं ते लक्ष्मीबाई, आधार कार्ड काढायची वेळ आली तेव्हा शाळेच्या दाखल्यावरनं सुमन लागलं, बँकेत तिसरंच काहीतरी. माणूस जिवंत आहे तोवर काही अडत नाही, पेन्शन त्याच्या नावानं येतेय. तो गेला की आज्जी फॅमिली पेन्शनला अर्ज करते आणि मग कळतं की सरकारी कागदावर ह्या माणसाची बायको म्हणजे भलतीच कोणीतरी बाई आहे.

मग काय, प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत म्हणून पुरावे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचा असेल तर बेळगावला, तिथनं त्रुटी काढून परत. सत्तरीच्या बाईनं हे करायचं, ते पण नवरा गेल्यावर. आणि हेच काम तो माणूस जिवंत असताना केलं असतं तर त्याच्या स्वतःच्या सहीनं झालं असतं, त्याला डिस्चार्ज बुकमधला प्रत्येक शब्द पाठ असतो, आपला आर्मी नंबर तर झोपेत विचारला तरी सांगतो. पोराचा मोबाइल नंबर विचारा, आठवणार नाही.

आमच्या आजूबाजूच्या काही गावांत जुन्या चावडीच्या नाहीतर वेशीच्या भिंतीत इंग्रजांनी बसवलेले दगड आहेत, पहिल्या महायुद्धाचे. इंग्रजीत लिहिलंय की ह्या गावातून एवढी माणसं युद्धावर गेली, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. फक्त आकडे. अपशिंगे तर तुम्हाला माहीतच असेल, गावाच्या नावातच मिलिटरी आहे, तिथली ४६ माणसं त्या एका युद्धात गेली. आता विचार करा, एका गावातनं ४६. ती गावची शान आहे आणि असायलाच पाहिजे, तिथं अजूनही घरटी एक माणूस फौजेत असतो असं सगळे सांगतात, पण अशा दगडांपुढं उभं राहिलं की मला हमखास वाटतं की नावं टाकायला काय झालं होतं ओ. एका ठिकाणी तर रंगकाम करताना दगडावरनंच डिस्टेंपर फिरवलाय, अक्षरं बोटानं चाचपून वाचावी लागतात. गावच्या यात्रेला चार लाखाची वर्गणी निघते आमच्याकडं, एक दगड घासून काढायला रविवारची सकाळ पुरेल.

नावं राहिली तर काय होतं त्याचं उदाहरण रायगड जिल्ह्यात आहे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४ ला इटलीत सगळी तुकडी पडल्यावर एकटे मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर. माणगावात त्यांचा पुतळा आहे आणि तिकडं इटलीत मोंतोने नावाच्या गावी त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलंय. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव, त्यांना पण इटलीतच, १९४५ ला, सेनिओ नदीवर, आणि ते जिवंत परत आले. दोघंही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. आमच्या सुभेदार तात्यांना ही दोन्ही नावं तोंडपाठ, कारण पलटणीत पहिल्या दिवसापासून कानावर पडतात. बारावीच्या पोरांना विचारा, बघा काय उत्तर येतंय.

बरं आता मिरवणुकीचा विषय, ह्यावर गावात वाद घालून झालेत माझे. गेल्या काही वर्षांत जवान रिटायर होऊन आला की उघडी जीप, डीजे, जेसीबीनं फुलं, वेशीपासनं घरापर्यंत रांगोळी आणि चौकात फ्लेक्स. मला आवडतं ते, डीजे सोडून. आईला जीपमध्ये शेजारी बसवतात, तिच्या डोक्यावर पोराची टोपी ठेवतात, ती लाजून काढायला बघते, हे बघायला कुणाला नाही आवडणार. प्रश्न पुढच्या सोमवारचा आहे. शिपाई म्हणून गेलेला माणूस सतरा अठरा वर्षं करून येतो तेव्हा वय असतं पस्तीस छत्तीस सदतीस, पोरं शाळेत, घराचं कर्ज. जीपमध्ये उभा असलेला तोच माणूस महिन्याभरानं पुण्यात कुठल्यातरी सोसायटीच्या गेटवर उभा दिसतो आणि ज्यांनी फुलं उडवली त्यांच्यातलेच कोणीतरी त्याला गाडीची काच खाली न करता हॉर्न मारतात. सिक्युरिटीचं काम कमी दर्जाचं आहे असं म्हणत नाही मी, प्रामाणिक काम आहे. पण ज्यानं सियाचीनला जनरेटर चालू ठेवलेत, शंभर माणसांचं रेशन सांभाळलंय, वायरलेस दुरुस्त केलाय त्याला आपल्याकडं दुसरं काही विचारतच नाहीत. आमच्या इथल्या एका दूध डेअरीनं एका सिग्नलमनला मशिनरी बघायला ठेवलंय, डेअरीचा मालक मला म्हणला की लाइट गेल्यावर हा माणूस फोन करत नाही, लाइट आणतो.

आणि रिटायर फौजी भेटल्यावर पहिला प्रश्न काय, तर "मेजर, कॅन्टीनची बाटली हाय का?" आमच्याकडं हवालदार असो नाहीतर नाईक, सगळेच मेजर. लग्न ठरलं, बैलाची शर्यत जिंकली, मेजरकडं चला. त्या बिचाऱ्याचा महिन्याचा कोटा ठरलेला असतो, तो स्वतः पीत नसला तरी पाहुण्यांत अब्रू जायला नको म्हणून आणून देतो. एका मेजरनं तर दारावर पाटीच लावली, कार्ड हरवले आहे.

ड्युटीवर असलेल्यांचं वेगळं. तो तिकडं कुपवाड्याला नाहीतर तेजपूरला, आणि इकडं घरात बायको, दोन पोरं, सासू सासरे. बांधाचा वाद निघाला तर जमिनीची मोजणी मागवायची, मोटर जळाली तर वायंडिंगवाला शोधायचा, सासऱ्याला साताऱ्याला पॉलिक्लिनिकला न्यायचं, सगळं ती. माझ्या शेजारची वहिनी अशीच आहे, तिच्या फोनमध्ये वायरमनचा, तलाठ्याचा, ट्रॅक्टरवाल्याचा, सगळ्यांचा नंबर आहे. आमच्या गल्लीत एक गोष्ट न ठरवता चालू झाली, ती म्हणजे रात्रपाळीचं पाणी असलं की तिच्या रानातलं दारं आधी धरायचं, मग आपलं. ह्याची कुणी पोस्ट टाकली नाही. तिच्या नवऱ्याला सुट्टीवर आल्यावर कळलं, तो काही बोलला नाही, दिवाळीला गल्लीतल्या पोरांना क्रिकेटचा किट आणून दिला.

कर्नल संतोष महाडिक आमच्याच जिल्ह्याचे, १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना गेले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी त्यानंतर परीक्षा दिली, चेन्नईच्या अकॅडमीत ट्रेनिंग केलं आणि २०१७ ला स्वतः अधिकारी म्हणून फौजेत गेल्या, घरी दोन लहान मुलं असताना. नोव्हेंबरच्या रांगेत त्यांचा विषय निघतोच, आणि तेवढ्यापुरते तात्यांसारखे बडबडे लोकही गप्प बसतात.

पहाटे पाचला कोरेगाव रस्त्यानं गेलात तर पोरं पळताना दिसतील अजून, अग्निवीर भरतीसाठी. २०२२ ला योजना आली, चार वर्षं, त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढं कायम, बाकीचे एकरकमी पैसे घेऊन घरी. योजना बरोबर का चूक ह्यावर चहाच्या टपरीवर रोज दोन पार्ट्या पडतात, मी पडत नाही. मला एवढंच दिसतं की ह्यातली बरीच पोरं माझ्या नोव्हेंबरच्या रांगेत कधी येणारच नाहीत, कारण त्यांना पेन्शन नाही. पंचविशीच्या आत परत येतील, पाय तयार, शिस्त तयार, आणि तेव्हा पण आपण जीप आणि डीजेच काढणार असलो तर अवघड आहे.

७ डिसेंबरला ध्वजदिन असतो, १९४९ पासनं. शाळेत असताना लाल, गडद निळ्या आणि फिकट निळ्या पट्ट्यांचा तो छोटा झेंडा टाचणीनं खिशाला लावायचो, एक रुपया द्यायचा, कशाचा आहे ते मास्तरांनी सांगितल्याचं आठवत नाही. त्या पैशातनं वीरपत्नींना, अपंग जवानांना, माजी सैनिकांच्या पोरांच्या शिक्षणाला मदत होते. पुण्यात खडकीला पॅराप्लेजिक सेंटर आहे, पाठीच्या कण्याला मार बसून कमरेखाली नाहीतर मानेखाली शरीर गेलेले जवान तिथं राहतात, तिथली माणसं व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात, काहीजण तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ ला हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सोनं मिळवलं, पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. शेहेचाळीस वर्षं. हे गणित तुम्हीच करा म्हणणार होतो, पण केलंच.

तर ह्या महिन्यात रविवारी पण दुपारी दोनपर्यंत सेंटर उघडं ठेवणार आहे, नावाच्या कामासाठी, फी घेणार नाही, फक्त झेरॉक्सचे पैसे. आज्ज्याला घेऊन या, आज्जीला पण घेऊन या. डिस्चार्ज बुक, पीपीओ, दोघांची आधार कार्डं आणि बँक पासबुक. पासबुकावर आज्जीचं नाव काय आहे ते घरीच वाचून या, इथं आल्यावर भांडणं होतात. आणि आप्पांना म्हणावं येताना आरशासमोर दोनचार वेळा डोळं मिचकवून बघा.