कॅरो-कान, सहावा आठवडा: उंट वाचला, वजीर गेला

बुद्धिबळात मी काळ्यानं कॅरो-कान खेळतो, म्हणजे पांढऱ्याच्या ई४ ला सी६ हे उत्तर: १.ई४ सी६ २.डी४ डी५ ३.ई५ उंट एफ५. मग पांढरा ४.एच४ ढकलून त्या उंटामागे लागतो. मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की या ४.एच४ वर इलाज सापडला. सापडलाय खरा. रविवारी जळगावच्या रॅपिडमध्ये (कमी वेळाच्या डावांची स्पर्धा), तिसऱ्या फेरीत, त्या इलाजाच्या पुढच्याच खेळीला वजीर घालवला.

आधीचं रडगाणं तुम्हाला पाठ आहे: ४...ई६ (तीन टिंबं म्हणजे काळ्याची खेळी), मग पांढऱ्याचे जी४, एफ३, एच५, आणि जी६ वर कोंडलेला उंट. म्हणून महिनाभर ४...एच५ घोटलं. समोर भुसावळचे निवृत्त लोको पायलट काका. त्यांनी एच४ ढकललं, मी फाडकन एच५. काकांनी उंट जी५ ला ठेवला आणि पाण्याची बाटली उघडली.

माझा हात ई७ च्या प्याद्यावर. सवयीनं. बोट टेकलं आणि मग दिसलं, हे हललं की जी५ पासून डी८ पर्यंतची तिरपी मोकळी. टच-मूव्ह, म्हणजे हात लावला ते मोहरं हलवायलाच हवं! दुसरीकडे सरकवावं तर ई५ वर त्यांचं प्यादं ठाण मांडून, डी६-एफ६ ला मारायला काही नाही. त्या प्याद्याला खेळी एकच, ई६, आणि तीच वजीर खाणारी. 'ॲडजस्ट' (फक्त नीट ठेवतोय) म्हणायचं ते हात लावण्याआधी, नंतर म्हणून काय होतं भो! दोन मिनिटं प्यादं चिमटीत धरून बसलो. मग ढकललं.

जेवणाच्या सुट्टीत शेवभाजी खाता खाता काकांनीच ५...वजीर बी६ समजावलं: वजीर तिरपीतून बाहेर, बी२ वर डोळा, ई६ ला वाट मोकळी. बुद्धिबळाचं इंजिन (खेळ्या सुचवणारा प्रोग्राम) हीच खेळी पहिल्या दिवसापासून दाखवत होतं, पण का ते सांगेल तर शपथ. पाचव्या फेरीत पुन्हा एच४, पुन्हा उंट जी५. हात मांडीखाली दाबले, दहापर्यंत मोजलं, वजीर बी६. बरोबरी झाली, पण घरी पेढे नेले.

पुढचा महिना त्यानंतर पांढरा खेळतो त्या उंट डी३ वर घालवायचा बेत होता. पण हे लिहितानाच आठवलं, १९६१ च्या जगज्जेतेपदाच्या परतीच्या लढतीत तेव्हाचा जगज्जेता तालच्या एच४ ला आव्हानवीर बोटविनिकनं साधं एच६ दिलं होतं. शिवाय त्याच लढतीत ३...सी५ पण खेळून पाहिलं. लढत १३–८ नं जिंकली. सी५ मध्ये उंट एफ५ ला जातच नाही, मग एच४ ची धास्तीच कशाला? फक्त डी४ वाल्यानं सी५ खाल्लं की ते प्यादं परत कसं मिळवायचं, एवढं शिकावं लागेल. ठरलं, सी५. उंट डी३ ची वही सध्या कपाटात.

ऑनलाइन मागवलेलं घड्याळ मधूनच इन्क्रिमेंट (दर खेळीला मिळणारे जादा सेकंद) द्यायला विसरतं. स्वस्त आहे म्हणून घेऊ नका. शनिवारी काकांकडे भुसावळला जातोय. त्यांचा निरोप आलाय: "पट आण, ते घड्याळ नको आणू."