केबलचा एक तुटलेला तार

जुलै महिना, अमावास्येचं उधाण. दुपारी बाराला दहा मिनिटं असताना मुंबईच्या सागरी बचाव समन्वय केंद्राकडून निरोप आला. वेळणेश्वरसमोर एका बार्जचा, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीचा, नांगर सरकतोय, इंजिनरूममध्ये पाणी शिरलंय, वर नऊ माणसं आहेत. तटरक्षक दलाची आमची छोटी तुकडी तेव्हा रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या धावपट्टीवर तात्पुरत्या मुक्कामाला होती. एक चेतक हेलिकॉप्टर, दोन वैमानिक, एक डायव्हर आणि आम्ही मोजके तंत्रज्ञ. मी जमिनीवर एअरफ्रेमचा, म्हणजे यंत्राच्या सांगाड्याची देखभाल करणारा माणूस, आणि हवेत विंच ऑपरेटर, म्हणजे केबलने माणसं वर ओढणारी चरखी चालवणारा.

बाहेरच्याला हे दोन-दोन टोप्यांचं प्रकरण विचित्र वाटतं. तटरक्षक दलाचा कायदा १९७८ चा, हवाई शाखा १९८२ मध्ये चेतकवरच उभी राहिली, आणि तेव्हापासून आजतागायत माणसं कमी, कामं जास्त. यांत्रिक म्हणून भरती व्हायला तीन वर्षांचा डिप्लोमा लागतो. ओडिशात चिल्क्याला प्रशिक्षण, मग ट्रेडचा कोर्स, मग काही वर्षं हँगरमध्ये ग्रीस आणि कागद. त्यानंतर कुणी एअरक्रूसाठी, म्हणजे हवेत उडणाऱ्या चमूसाठी, नाव दिलं तर मेडिकल, पोहणं, आणि कोचीला पाण्यात उलटा होणाऱ्या डब्यातून डोळे मिटून बाहेर पडायचा सराव. पण हँगरचं काम सुटत नाही. ज्या विंचवर दुपारी माणूस लटकवायचा, त्याच विंचच्या तपासणीवर सकाळी सही केलेली असते.

निघण्याआधी बेरीज. चेतक म्हणजे १९५९ साली पहिल्यांदा उडालेल्या फ्रेंच अलुएट-३ ची हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बांधलेली आवृत्ती. इंजिन एकच, कमाल वजन २,२०० किलो. विंच आणि सामान धरून आमच्या यंत्राचं वजनपत्रावरचं वजन १,३००. चौघे क्रू, जाकिटांसह ३४०. टाकीत ५७५ लिटर मावतं, पण टाकी भरली की उचलायच्या माणसांसाठी जागाच उरत नाही. म्हणून ३५० लिटर घेतलं, म्हणजे साधारण २८० किलो. एकूण झाले १,९२०. तासाला दोनशे लिटर धरलं तर पंधरा मिनिटांच्या वाटेत पन्नास लिटर जळतं. म्हणजे तिथे पोहोचताना १,८८०. भिजलेला माणूस ऐंशी किलोचा धरायचा, अंगकाठी बघून नाही. तिघे घेतले की २,१२०, हातात उरले ऐंशी किलो. चौथा घेतला असता तर कागदावर बरोबर काठोकाठ बसला असता. कागदाला लाट नसते. शिवाय उघड्या समुद्रावर उंच हॉवर करताना, म्हणजे हवेत एका जागी थांबताना, जमिनीजवळच्या हवेचा आधार नसतो, आणि वारा अचानक पडला तर तोच हॉवर जास्त ताकद मागतो. तेव्हा खेपेला तिघेच.

माणसं उतरवायची कुठे, हाही प्रश्न होता. किनारा जवळ, पण वाळवंटावर उतरवलं की पंख्याच्या वाऱ्याने वाळू उडते, इंजिनात जाते आणि कंप्रेसरची पाती खाते. वेळणेश्वरच्या वरचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, निवडला. पावसाळ्यात जांभा ओला, वर हिरवं गवत, धूळ नाही. पोलीस पाटलांना फोनवर तीनच गोष्टी सांगितल्या: गुरं बाजूला घ्या, छत्र्या मिटा, आणि शेपटीकडून कुणाला येऊ देऊ नका. टेल रोटर फिरताना दिसत नाही, हे लोकांना आधी सांगावं लागतं.

बार्जवर पोहोचलो तेव्हा तिचं तोंड वाऱ्यात होतं. पुढे क्रेनचा बूम झुलत होता, तिथे जायचा प्रश्नच नव्हता. मागचा डेक मोकळा, पण भोवती गंजलेलं रेलिंग. इथे विंच ऑपरेटरचं खरं काम सुरू होतं, आणि ते हाताचं कमी, तोंडाचं जास्त असतं. वैमानिकाला खालचं काही दिसत नाही. चेतकला आपोआप एका जागी ठेवणारी यंत्रणा नाही. मंकी बेल्ट, म्हणजे यंत्राला अडकवलेला पट्टा, बांधून दारात गुडघ्यावर बसायचं आणि बोलत राहायचं: "फॉरवर्ड पाच, चार, तीन, दोन, स्टेडी. लेफ्ट एक. स्टेडी. हुक खाली जातोय. हुक पाण्याला लागला." आवाज एका लयीत हवा. दोन सेकंद गप्प बसलं तरी यंत्र सरकायला लागतं. नव्या पोराला मी आधी हेच शिकवतो. घाबरलास तरी आकडे थांबवू नकोस.

हुक आधी पाण्याला का? फिरत्या पंख्यामुळे यंत्रावर स्थिर वीज साठते. ती पाण्यात उतरली नाही तर हुक धरणाऱ्या पहिल्या माणसाला चांगला झटका बसतो. ओल्या डेकवर तेवढ्याने पाय सुटतो. दुसरा नियम, हुक जहाजावर कुठेही अडकवायचा नाही. जहाज खाली गेलं तर सोबत आपणही जातो.

डायव्हर उतरला. विंचची क्षमता १७५ किलो, त्यामुळे तो आणि एक माणूस एकत्र वर येऊ शकत होते. पहिले तिघे पंधरा मिनिटांत आले आणि सड्यावर उतरले. दुसरी खेप, चौथा आला, पाचवा आला. सहाव्याला स्ट्रॉप, म्हणजे उचलायचा पट्टा, घालून डायव्हरने अंगठा वर केला आणि नेमकी तेव्हाच बार्ज लाटेच्या पोटात गेली.

अशा वेळी केबलला ढील द्यायची असते. कमी दिली तर डेक खाली जाताना माणूस झटक्याने उचलला जातो, जास्त दिली तर सैल फास कुठेतरी अडकतो. मी दिली ती बहुधा हातभर जास्त होती. बार्ज वर आली, फास रेलिंगच्या मोडक्या खांबामागे गेला, आणि ती पुन्हा खाली जाताना केबल ताठ झाली. यंत्राचं नाक किंचित झुकलं. माझा एक अंगठा केबल कापायच्या बटणाच्या झाकणावर, तोंडाने "डाउन, डाउन, बॅक एक," आणि दुसऱ्या हाताने केबल सोडणं. डायव्हरने लाथ मारून फास सोडवला. सगळं मिळून चार सेकंद असतील. दोघे सुखरूप वर आले.

सहा माणसं सड्यावर, बार्जवर तीन. टाकीत अंदाजे नव्वद-पंच्याऐंशी लिटर, म्हणजे परत यायला पुरेसं आणि थोडी शिल्लक. मिरजोळ्याला ठरलेलं होतं पंखा चालू ठेवून इंधन भरायचं आणि दहा मिनिटांत परत.

मी मात्र उतरल्यावर केबल बाहेर ओढायला सांगितली. कोरडं फडकं मुठीत धरून केबल त्यातून सोडत जायची, तार तुटलेला असेल तर फडक्याला टोचतो. हुकापासून सुमारे तीन मीटरवर फडकं अडकलं. एक तार तुटून वर आलेला होता आणि त्याच्याखाली वीतभर केबल किंचित फुगली होती. जेमतेम पाच मिलिमीटर जाडीची ही केबल. आतले आणि बाहेरचे पीळ मुद्दाम उलट दिशांना घातलेले असतात, म्हणजे लटकलेला माणूस भोवऱ्यासारखा फिरत नाही. पण ताण अचानक येऊन अचानक सुटला की बाहेरचे पीळ सैल पडतात आणि केबल पिंजऱ्यासारखी फुगते. फुगलेली केबल ड्रमवर नीट बसत नाही, आणि तिच्यात किती जोर उरलाय हे बघून सांगता येत नाही.

कदाचित ती आणखी तीन माणसं उचलू शकली असती. वैमानिकाने तेच विचारलं, आणि त्यात त्याची चूक नव्हती. मी विंच नादुरुस्त लिहिली आणि इंजिन बंद करायला सांगितलं. गोव्याहून दुसरं हेलिकॉप्टर तयार होतं, पण वाटेत पावसाची भिंत उभी होती. गस्ती जहाज बार्जपासून दूर, उथळ पाण्यामुळे जवळ येईना.

केबल बदलणं तसं अवघड काम नाही, वेळखाऊ आहे. जुनी पूर्ण उलगडायची, ड्रममधलं टोक सोडवायचं, नवीन बसवायची आणि ती ताण देऊनच गुंडाळायची. सैल गुंडाळली तर पुढच्या वजनाला वरचा वेढा खालच्या दोन वेढ्यांत रुततो. मग वरची आणि खालची थांबायची स्विचं तपासायची, वाळूची पोती लटकवून भार तपासायचा. आमची खरी अडचण सहीची होती. विंचसारख्या भागावर काम करणारा एक आणि तपासणारा दुसरा, स्वतःच्या कामावर स्वतः सही चालत नाही. हे करू शकणारा दुसरा एकच माणूस होता आणि तो भातलावणीसाठी तीन दिवसांच्या सुट्टीवर पावस गावी गेलेला. फोन लागला तो त्याच्या आईला. पोरगा शेतात होता. गाडी पाठवली. तासाभरात तो हजर झाला, गुडघ्यापर्यंत चिखल, वर डांगरी चढवलेली. पाय धुवून मगच त्याला केबलला हात लावू दिला.

त्याने माझ्यापेक्षा कडक तपासणी केली. ड्रमवरचा एक वेढा त्याला पटला नाही, म्हणून पुन्हा उलगडायला लावलं. वीस मिनिटं गेली. "सर, तुम्ही घाईत आहात म्हणून सांगतोय," एवढंच म्हणाला. मी उलगडलं.

चारला सही झाली. साडेचारच्या आत बार्जवर होतो. तिसऱ्या खेपेत सांगण्यासारखं काही नाही. बार्ज मागून आणखी बसली होती, डेकवर पाणी फिरत होतं. आम्ही डायव्हरला पाण्यातच ठेवलं आणि तिघांनी एकेक करून लाइफ जॅकेटसह उडी मारली. रेलिंगचा संबंधच ठेवला नाही. हे दुसऱ्याच खेपेला सुचायला हवं होतं.

संध्याकाळी धुलाई. खाऱ्या तुषारांत तासभर हॉवर केलेलं यंत्र तसंच रात्रभर ठेवलं तर सकाळी कंप्रेसरच्या पात्यांवर मिठाचा पांढरा थर दिसतो. इंजिन न पेटवता नुसतं फिरवून आत गोडं पाणी मारायचं, मग बाहेरून पंख्याच्या पात्यांपासून चाकांपर्यंत, शेवटी नवी केबल पूर्ण बाहेर काढून धुवायची, पुसायची आणि पुन्हा ताणावर गुंडाळायची. पाऊस पडतोच आहे तर धुवायचं कशाला, असं दरवर्षी एखादं नवं पोरगं विचारतं. पाऊस वरून पडतो, मीठ आत बसतं.

जुनी केबल तीन ठिकाणी छिन्नीने तोडून लाल पट्टी बांधली, नाहीतर ती कुणीतरी गोठ्याला बांधायला नेतो. पावसच्या पोराने त्यातला फुगलेला वीतभर तुकडा नव्या मुलांना दाखवायला मागून घेतला आणि शेवटची एसटी चुकू नये म्हणून डांगरीतच निघाला. त्याची अजून दोन कुणगे, म्हणजे भाताची खाचरं, लावायची होती.